शेपटीकडे इंजिन, पुढे शांतता

मुंबईच्या मुख्य धावपट्टीवर पूर्वेकडून उतरताना विमानाच्या उजव्या खिडकीत आधी पवई तलाव येतो, मग विहार, आणि त्यांच्या आसपास पसरलेला झाडीचा लांबच लांब पट्टा. त्यात आरेही आलं. आरेच्या रहिवाशाला विमानतळ जवळ आहे हे आवाजाने कळतं, विमानातल्या माणसाला मुंबई आली हे त्या हिरव्या रंगाने कळतं. मी गेली बरीच वर्षं आरेच्या वेशीवर राहते. माहेर कोल्हापूरचं. महालक्ष्मी एक्सप्रेसची अख्खी रात्र, पुणे-सातारा मार्गे बसमध्ये आखडून गेलेले पाय, आणि अलीकडे पन्नास माणसांच्या एका छोट्या जेट विमानातून तासाभरात गाठलेला उजळाईवाडीचा विमानतळ, हे तिन्ही प्रवास मला ठाऊक आहेत. त्यातल्या तिसऱ्याने मला कुतूहल लावलं. हे विमान आपल्या सवयीच्या विमानांसारखं वाटतच नाही. ते का वाटत नाही, हे शोधत गेले आणि १९६४ सालच्या सांताक्रूझपर्यंत मागे जाऊन पोचले.

विमानप्रवास कसा झाला, असं कुणी विचारलं तर आपण भाडं किती पडलं, उशीर किती झाला आणि खायला काय मिळालं एवढं सांगून मोकळे होतो. पण दोन-तीन तास शरीराला जे जाणवत असतं ते वेगळंच असतं. कानात बसून राहिलेला आवाज, खिडकीत जमीन दिसते की नुसता पंख, शेजाऱ्याचं कोपर आपल्याला लागतं का, चढायला पायऱ्या किती. यातलं पुष्कळसं विमानाचा आराखडा काढतानाच ठरून गेलेलं असतं, आणि त्या आराखड्यातला सगळ्यात मोठा निर्णय असतो इंजिनं कुठे बसवायची हा. पंखांखाली टांगायची, की शेपटीजवळ धडाला चिकटवायची? मुंबईच्या देशांतर्गत प्रवाशांनी अनुभवलेल्या शेपटीकडे इंजिन असलेल्या विमानांपैकी दोन मला महत्त्वाची वाटतात. पहिल्यांदा कॅरावेल, मग अर्ध्या शतकाने एम्ब्रेअर ईआरजे-१४५. दोन्ही नावं आज घरोघरी माहीत नाहीत. बोईंग आणि एअरबस यांच्या पलीकडे आपण विमानांना नावाने ओळखत नाही.

१९५३ मध्ये विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि आठ लहानमोठ्या कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स उभी राहिली, तेव्हा तिच्या ताफ्यात सत्तरहून अधिक डाकोटा होते. महायुद्धातून उरलेलं हे दोन पंख्यांचं विमान जमिनीवर उभं असताना मागे झुकलेलं असे. प्रवासी दारातून आत शिरला की चढावर चालत आपल्या जागेकडे जाई. हवा कोंडून धरण्याची सोय त्यात नव्हती, त्यामुळे ते ढगांच्या वर जाऊ शकत नसे. पावसाळ्यात सह्याद्री ओलांडताना पोटात जे ढवळून निघे, त्याबद्दल त्या पिढीच्या माणसांनी भरभरून सांगितलेलं आहे. १९५७ मध्ये व्हायकाउंट आलं. ते टर्बाइनवर चालणारं, हवाबंद आणि बरंच मऊ होतं, पण पुढे पंखे होतेच. देशांतर्गत मार्गावर खरं जेट आलं ते १९६४ साली, आणि ते फ्रेंच होतं.

कॅरावेलचं पहिलं उड्डाण २७ मे १९५५ रोजी तुलूझला झालं. त्याच्या आदल्याच वर्षी ब्रिटिशांच्या कॉमेट या पहिल्या प्रवासी जेटला दोन भीषण अपघात झाले होते. हवेचा दाब चढउतार होऊन धडाचा पत्रा थकतो आणि एका क्षणी फाटतो, हे त्या अपघातांच्या तपासातून जगाला कळलं. जेट म्हणजे भीती, असं वातावरण असताना फ्रेंचांनी कॅरावेल बांधलं, आणि गंमत अशी की त्याचं नाक, म्हणजे वैमानिकांची खोली, त्यांनी कॉमेटचीच घेतली. बाकी सगळं नवं होतं. जेट इंजिनं धडाच्या मागच्या भागाला दोन्ही बाजूंनी जोडलेलं हे पहिलं प्रवासी विमान. असं केल्याने पंख मोकळा राहतो. त्याच्यावरून हवा अडथळ्याविना वाहते, त्यामुळे उचल चांगली मिळते. इंजिनं मध्यरेषेच्या जवळ असल्याने एक बंद पडलं तरी विमान एका बाजूला फारसं ओढलं जात नाही. इंजिनांना खाली जागा लागत नाही म्हणून विमान जमिनीपासून कमी उंचीवर उभं राहू शकतं.

प्रवाशाला यातलं काही सांगावं लागत नसे. त्याला इतकंच कळे की पुढच्या रांगांत बसलं तर जेटचा आवाज जवळजवळ येतच नाही. इंजिनाचा आवाज मुख्यतः मागच्या बाजूला फेकला जातो, आणि इंजिनंच मागे असल्याने तो आपल्या मागे राहतो. डाकोटाच्या खडखडाटातून आलेल्या माणसाला ही शांतता केवढी मोठी वाटली असेल! शेवटच्या दोन-चार रांगांतला प्रवासी मात्र वेगळं सांगे. त्याच्या कानाशीच रोल्स-रॉइसचं एव्हॉन इंजिन गर्जत असे. एकाच विमानात बसून आलेली दोन माणसं दोन परस्परविरुद्ध अनुभव सांगतात आणि दोघंही खरं बोलत असतात, हे शेपटीकडे इंजिन असलेल्या विमानाचं वैशिष्ट्य आहे.

कॅरावेलच्या खिडक्या शिंगाड्याच्या आकाराच्या होत्या, वर निमुळत्या आणि खाली रुंद, कोपरे गोल केलेल्या. धडातलं भोक शक्य तितकं लहान ठेवायचं आणि तरी प्रवाशाला खाली बघता आलं पाहिजे, असा त्यामागे विचार होता. विमानात माणूस आकाशाकडे क्वचितच बघतो, तो जमिनीकडे बघतो. हे ओळखून खिडकी बनवणाऱ्या त्या आरेखकाचं मला फार कौतुक वाटतं. शिवाय शेपटीखालून उघडणारा स्वतःचा जिना होता. बाहेरची शिडी यायची वाट न बघता माणसं थेट जमिनीवर उतरत. सुरुवातीच्या कॅरावेल्सना इंजिनाचा झोत उलटा फिरवून थांबण्याची सोय नव्हती, म्हणून लहान धावपट्टीवर उतरल्यावर शेपटीतून एक पॅराशूट उघडे आणि विमानाला मागे खेचे. १९५९ मध्ये एक प्रात्यक्षिकही करण्यात आलं. पॅरिसवर खूप उंचीवर नेऊन इंजिनांचा जोर काढून घेतला आणि विमान नुसतं तरंगत तरंगत दिजाँपर्यंत, अडीचशेहून अधिक किलोमीटर, आणलं. लोकांच्या मनातली भीती काढायची तर असंच काही करून दाखवावं लागत होतं.

इंडियन एअरलाइन्सकडे कॅरावेल्स होती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, पण ती मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास या मोठ्या मार्गांवर धावली. व्हायकाउंट ताशी पाचशेच्या वर जाई, कॅरावेल आठशेच्या आसपास. मुंबई-दिल्ली हा साडेअकराशे किलोमीटरचा पल्ला. सकाळी निघून दिल्लीतलं काम आटोपून रात्री घरी परतणं शक्य झालं ते जेटमुळे.

त्या वर्षांतलं आरे डोळ्यांसमोर आणायला हवं. मुंबईच्या दाट वस्तीतल्या तबेल्यांमधून म्हशी बाहेर काढून त्यांना इथे आणण्याची योजना दारा खुरोडी यांनी १९४९ पासून राबवली. ४ मार्च १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते दुग्धशाळेचं उद्घाटन झालं. ३,१६० एकरांवर तबेल्यांची युनिटं, गवताची कुरणं, बागा, छोटा काश्मीर. १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार खुरोडी, वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांना मिळून देण्यात आला, आणि पुढच्याच वर्षी कॅरावेल आलं. माझ्या शेजारचे एक काका दुग्धशाळेच्या नोकरीतून निवृत्त झाले आहेत. त्यांना विमानाचं नाव माहीत नव्हतं, पण मी फोटो दाखवल्याबरोबर म्हणाले, "हे शिट्टीवालं! पंख्याच्या विमानाचा आवाज गुरगुरत यायचा. ह्याची आधी बारीक शिट्टी ऐकू यायची, मग फाटल्यासारखा आवाज." त्यांचं निरीक्षण तांत्रिकदृष्ट्या अगदी चोख आहे. एव्हॉन हे जुन्या धाटणीचं टर्बोजेट. आत घेतलेली सगळी हवा तापवून एकाच अरुंद, वेगवान झोताने मागे फेकायची. पुढून येते ती कॉम्प्रेसरची शिट्टी, मागून येतो तो झोत बाहेरच्या हवेला फाडत जातो त्याचा आवाज. आत पुढच्या रांगेत बसलेल्यांना मिळालेल्या शांततेची किंमत खाली जमिनीवरची माणसं मोजत होती.

या विमानाच्या मुंबईतल्या इतिहासात एक काळी रात्र आहे आणि ती टाळून पुढे जाता येणार नाही. १२ ऑक्टोबर १९७६. मद्रासला जाणाऱ्या बोईंग ७३७ च्या इंजिनात बिघाड निघाला म्हणून प्रवाशांना कॅरावेलमध्ये बसवण्यात आलं. मध्यरात्र उलटून गेल्यावर सांताक्रूझहून उड्डाण झालं आणि थोड्याच वेळात उजवं इंजिन निकामी झालं. वैमानिकांनी विमान परत वळवलं. ते धावपट्टीच्या अलीकडेच कोसळलं. ८९ प्रवासी आणि ६ कर्मचारी, सगळे ९५ जण गेले. त्यांत मल्याळी चित्रपटांतली अभिनेत्री राणी चंद्रा होती, तिची आई आणि तिच्या बहिणीही होत्या. तपासात निघालं ते असं: इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधली एक चकती धातू थकल्यामुळे तडकली, तिचे तुकडे इंजिनाचं कवच फोडून बाहेर उडाले, इंधनाची नळी तुटली, आग लागली. त्या आगीत हायड्रॉलिकचं तेल संपलं आणि विमानावरचा ताबाच गेला.

कॉमेटचा पत्रा थकला होता, इथे इंजिनाची चकती थकली. धातूचा थकवा डोळ्यांना दिसत नाही, तो उड्डाणांच्या हिशेबात साठत जातो. इंजिनं शेपटीजवळ असण्याचा धोकाही इथे समजून घेतला पाहिजे. इंधनाच्या नळ्या धडातून मागे न्याव्या लागतात आणि इंजिनापासून हाताच्या अंतरावर शेपटीचं सगळं नियंत्रण असतं. पंखाखालचं इंजिन फुटलं तर निदान ते धडापासून लांब असतं. पुढे १९८९ मध्ये अमेरिकेत स्यू सिटीला डीसी-१० या विमानाचं शेपटीतलं इंजिन असंच फुटलं, तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा एकदम गेल्या आणि ११२ माणसं दगावली. या सगळ्यातून नियम बदलले. चकत्यांचं आयुष्य उड्डाणांत मोजून वेळेआधी त्या काढून टाकणं, नळ्या एकमेकींपासून दूर नेणं, एक यंत्रणा गेली तरी दुसरी शाबूत राहील अशी रचना करणं. आज आपण निर्धास्तपणे शेपटीजवळच्या रांगेत बसतो ते या माणसांच्या मरणातून शिकलेल्या धड्यांवर.

मुंबईच्या त्या अपघातानंतर कॅरावेल लवकरच भारतीय आकाशातून नाहीसं झालं. बोईंग ७३७ सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच आलं होतं, १९७६ मध्ये एअरबस ए-३०० आलं. इंजिनं पंखांखाली गेली ती तिथेच राहिली. जमिनीवर उभं राहून दुरुस्ती करता येते, पंखाला वजनाचा आधार मिळतो, शेपूट हलकी ठेवता येते. व्यवहारात हा आराखडा जिंकला आणि तो का जिंकला हे समजण्यासारखं आहे. पण प्रवाशाच्या बाजूने बघितलं तर त्यानंतरच्या चाळीस-पन्नास वर्षांत आपण एकाच तऱ्हेचं विमान ओळखत गेलो. मध्ये वाट, दोन्हीकडे तीन-तीन सीटा, पंखावरच्या दहा रांगांना खिडकीत पंखच पंख, आणि कुणाच्या तरी वाट्याला हमखास येणारी मधली सीट.

शेपटीकडे इंजिन असलेलं जे जेट मी अनुभवलं, ते आलं ब्राझीलमार्गे. एम्ब्रेअर ही ब्राझीलची कंपनी १९६९ मध्ये सुरू झाली. तिच्या ईआरजे-१४५ ने ११ ऑगस्ट १९९५ रोजी पहिलं उड्डाण केलं. आधीच्या ब्राझिलिया या तीस आसनी पंख्याच्या विमानाचं धड घेऊन ते लांबवलं, मागे दोन टर्बोफॅन इंजिनं बसवली, शेपटीचा आडवा पंख उंच नेऊन इंग्रजी टी अक्षरासारखा केला. लांबी जवळपास ३० मीटर, आतली उंची १.८२ मीटर, रुंदी २.१० मीटर. एवढ्या रुंदीत मावतात तीनच सीटा: डावीकडे एक, उजवीकडे दोन. आपल्या हवाई दलाचं 'नेत्र' हे टेहळणी विमान याच धडावर बांधलेलं आहे. पाठीवर रडारची लांब पेटी घेतलेलं ते विमान २०१७ च्या फेब्रुवारीत हवाई दलाकडे सुपूर्द झालं. कोल्हापूरला जाणाऱ्या माणसाला आपण त्याच जातीच्या विमानात बसलो आहोत हे सहसा माहीत नसतं, आणि सांगितलं की त्याची छाती थोडी फुगते, हे मी पाहिलं आहे.

हे विमान मराठी मुलखात आणलं कोल्हापूर जिल्ह्यातल्याच संजय घोडावत समूहाच्या स्टार एअरने. कंपनीची सेवा जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाली ती बेंगळुरू-हुबळीकडून. पुढे बेळगाव, कोल्हापूर, नांदेड ही गावं तिच्या नकाशावर आली. कोल्हापूर-मुंबई ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालं.

विमानापाशी गेल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती उंचीची, खरं तर उंची नसण्याची. दार उघडून खाली येतं आणि त्याच्याच आतल्या बाजूला पायऱ्या असतात. माझ्यापुढे एक आजी होत्या, काष्टा नेसलेल्या, मुलाकडून गावी परतत होत्या. मोठ्या विमानाच्या शिडीला बघून त्यांचा धीर सुटला असता असं त्यांच्या नातवाने सांगितलं. इथे त्या कठडा धरून स्वतः चढल्या. आत गेल्यावर डावीकडच्या एकट्या सीटवर बसून त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हितं मधी अडकून बसायचंच न्हाई की वो!" पन्नास माणसांपैकी प्रत्येकाला खिडकी किंवा वाट मिळते, आणि डावीकडच्याला दोन्ही मिळतात. विमानातल्या आरामावर पुष्कळ पैसा खर्च होतो, पण मधली सीट नसणं या एका गोष्टीची बरोबरी दुसरं काही करू शकत नाही, असं माझं ठाम मत झालं आहे.

अडचणीही आहेत. सामान ठेवायचा कप्पा उजव्याच बाजूला, तोही उथळ. चाकांची नेहमीची केबिन बॅग त्यात जात नाही, ती शिडीपाशीच काढून मागच्या सामानकक्षात द्यावी लागते. सहा फुटी माणसाला वाटेतून मान झुकवून चालावं लागतं. स्वच्छतागृह सगळ्यात मागे, इंजिनांच्या मध्ये, आणि आत वळायला जागा नाही. पंखाच्या पुढच्या कडेला उघडणाऱ्या झडपा या विमानाला नाहीत, त्यामुळे त्याची धाव त्याच्या आकाराच्या मानाने लांब असते. पळत राहतं, पळत राहतं, आणि मग एकदम तीव्र कोनात वर घेतं. शेजारच्या सीटवरच्या तरुणाने त्या क्षणी सीटचे हात घट्ट धरले होते.

आवाजाचं मी मुद्दाम तपासलं. एकदा तिसऱ्या रांगेत बसले, एकदा शेवटून दुसऱ्या. पुढे बसल्यावर ऐकू येते ती हवा, धडावरून घासत जाणारी. इंजिन चालू आहे हे फक्त जोर कमी-जास्त होताना कळतं. शेजाऱ्याशी घरात बोलतो तसं बोलता येतं. मागे मात्र एक बारीक, एकसुरी गुणगुण कवटीत शिरते आणि उतरल्यावरही थोडा वेळ राहते. खिडकीतून बाहेर बघावं तर समोर इंजिनाचं पांढरं पोट. साठ वर्षांपूर्वीच्या कॅरावेलच्या प्रवाशांनी सांगितलेली तीच विभागणी. फरक आहे तो खाली जमिनीवर. टर्बोफॅनमध्ये आत घेतलेल्या हवेतला मोठा हिस्सा न तापवता कडेने, सावकाश वाहू दिला जातो, आणि तो मधल्या तप्त झोताला वेढून टाकतो. त्यामुळे आकाश फाटल्याचा तो आवाज आता येत नाही. आमच्या काकांना हे छोटं जेट ऐकून ओळखता येत नाही.

मुंबई ते कोल्हापूर नकाशावर सरळ रेघ मारली तर ती सुमारे ३१० किलोमीटर भरते आणि रायगड, प्रतापगड, महाबळेश्वर, कोयनेचा शिवसागर, पन्हाळा यांच्या जवळून जाते. वाहतूक नियंत्रण देईल त्याप्रमाणे प्रत्यक्ष मार्ग इकडेतिकडे होतो, पण पावसाळा सरल्यावर स्वच्छ हवेच्या दिवशी उजवीकडे कोकणात उतरणारे कडे आणि डावीकडे देशावरची पठारं अशी सह्याद्रीची दोन्ही अंगं एकाच प्रवासात दिसतात. पंख खाली आणि बराच मागे असल्याने पुढच्या रांगांना खिडकीत काहीच आडवं येत नाही. शिवसागराचं पाणी मैलोन्‌मैल फाटे फुटत दऱ्यांत शिरलेलं दिसतं. रस्त्याने जाताना कोयना म्हणजे एक धरण वाटतं, वरून ती एक अख्खी बुडालेली दरी दिसते, आणि तिथली उठवलेली गावं आठवतात.

आता वेगाचं. जेट म्हटलं की झटपट, असं आपण धरून चालतो. कोल्हापूरला एटीआर या पंख्याच्या विमानानेही जाता येतं. ते ताशी पाचशेच्या आसपास जातं, ईआरजे आठशेच्या पुढे. ३१० किलोमीटरला हिशेब केला तर कागदावर बारा-चौदा मिनिटांचा फरक पडतो. पण एवढ्या छोट्या पल्ल्यात विमान निम्मा वेळ चढत किंवा उतरत असतं, पूर्ण वेगाने ते थोडाच वेळ जातं, म्हणून प्रत्यक्षात वाचतात ती त्याहून कमी मिनिटं. इंधन मात्र जेट बरंच जास्त खातं. मग जेटचा प्रवाशाला उपयोग काय? उंचीचा. जून ते सप्टेंबर सह्याद्रीवर जे ढग साचतात त्यांतून एटीआर बराच वेळ चालतं, जेट त्यांच्यातून लवकर वर निघतं. माझ्यासारख्या पोट नाजूक असलेल्या माणसाला हा फरक बारा मिनिटांपेक्षा मोठा वाटतो. आणि बेळगाव-मुंबई, नांदेड-बेंगळुरू असा पल्ला वाढत गेला की वेगही उपयोगी पडू लागतो. कोल्हापूर-मुंबईसाठी जेट अनिवार्य आहे असं मी म्हणणार नाही.

खरा वेळ जातो तो जमिनीवर, आणि तिथे आरेची गोष्ट परत येते. ऑक्टोबर २०२४ मध्ये मेट्रो ३ चा पहिला टप्पा सुरू झाला, आरे-जेव्हीएलआरपासून बीकेसीपर्यंत. सीप्झ, एमआयडीसी अंधेरी, मरोळ नाका, आणि लगेच विमानतळाचं टी-२, पुढे सहार रोड आणि टी-१. जेव्हीएलआरच्या कोंडीत आणि साकीनाक्याच्या सिग्नलवर ज्यांनी विमान चुकण्याच्या भीतीने घाम पुसला आहे, त्यांना या चार स्थानकांची किंमत कळेल. पण याच मार्गाच्या कारशेडसाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल लागला त्याच रात्री आरेत झाडं तोडायला सुरुवात झाली, आणि सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती येईपर्यंत दोन हजारांहून जास्त झाडं गेली होती. त्या रात्री आमच्या इथली मुलं-मुली पोलिसांच्या गाड्यांसमोर उभी होती. इथले वारली, कोकणा, मल्हार कोळी यांचे पाडे मेट्रोच्या कितीतरी आधीचे आहेत. मी मेट्रोने विमानतळावर जाते आणि तेव्हाही मला ती तोड अन्यायाची वाटते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी फिटत नाही.

छोट्या विमानाचं भवितव्य शेवटी त्याच्या आरामावर ठरत नाही. 'उडान' योजनेतलं पहिलं विमान एप्रिल २०१७ मध्ये सिमला-दिल्ली असं उडालं. तासाभराच्या प्रवासाला काही सीटांसाठी अडीच हजारांच्या आसपास भाडं, आणि कंपनीची तूट तीन वर्षं सरकार भरून काढणार, असा तो आराखडा. महालेखापरीक्षकांचा २०२३ चा अहवाल वाचला की चित्र स्पष्ट होतं. ७७४ मंजूर मार्गांपैकी ४०३ सुरूच होऊ शकले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी तीन वर्षांची मुदत पुरी केली ११२ मार्गांनी, आणि त्यानंतरही टिकले फक्त ५४. गावोगावच्या लोकांनी हार घालून स्वागत केलेली विमानं गुपचूप बंद होतात ती अशी.

मुंबईत आणखी एक नड आहे. इथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. गर्दीच्या तासात उतरणं-उडणं मिळून पंचेचाळीसच्या आसपास विमानं, त्यावर जागा नाही. पन्नास माणसांचं विमान जेवढा वेळ घेतं तेवढाच जवळपास दोनशे माणसांचंही घेतं. मग सकाळी आठची वेळ कोल्हापूरच्या विमानाला कोण देणार? नवी मुंबईचा विमानतळ ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन होऊन त्याच वर्षीच्या डिसेंबर अखेरीस सुरू झाला. लहान विमानांना तिथे मोकळी वेळ मिळेल, हे खरं. पनवेल-उलव्याच्या माणसाला ते सोयीचं होईल. पण गोरेगाव-बोरिवलीच्या माणसाने उलव्याला जायला दोन तास घालवायचे आणि मग पन्नास मिनिटं उडायचं, तर त्याने रात्री महालक्ष्मी पकडलेली बरी.

विमानंही बदलत आहेत. ईआरजे-१४५ चं उत्पादन थांबलं आहे, आणि पन्नास आसनी नवं जेट आज कुणी बांधत नाही, कारण एवढ्या थोड्या सीटांमध्ये इंधनाचा खर्च वाटून निघत नाही. स्टार एअरने २०२३ पासून आणलेलं ई-१७५ हे एम्ब्रेअरचंच, पण ७६ जणांचं. दोन्हीकडे दोन-दोन सीटा, सरळ उभं राहता येईल अशी उंची, डोक्यावर नीट कप्पे. मधली सीट त्यातही नाही, हे महत्त्वाचं. इंजिनं मात्र पंखांखाली गेली आहेत. त्यामुळे पुढची रांग आणि मागची रांग यांच्यातला तो टोकाचा फरक राहिला नाही, आवाज सगळ्यांना थोडाथोडा वाटून मिळतो. विमान म्हणून ते जास्त समजूतदार आहे. तरीही डावीकडची ती एकटी सीट आणि पुढच्या रांगेतली शांतता पुन्हा कुणी बांधेल असं दिसत नाही. ज्यांना ती अनुभवायची आहे त्यांनी तिकीट काढताना विमान कोणतं ते बघावं, आणि पहिल्या पाच-सहा रांगांतली डावीकडची सीट आधीच मागून ठेवावी.

कोल्हापूरच्या नव्या टर्मिनलचं उद्घाटन १० मार्च २०२४ रोजी झालं. आत दगडी कमानी, करवीरच्या इमारतींची आठवण करून देणाऱ्या. इमारत देखणी झाली आहे, धावपट्टी वाढली आहे, विमानं आहेत, आणि उपचाराला, कोर्टाच्या तारखेला, मंत्रालयातल्या कामाला, मुलाखतीला मुंबईत येणारी माणसं तर रोज आहेतच. कमी आहे ती वेळापत्रकाची. सकाळी कोल्हापुरातून निघून संध्याकाळी परत जाता येईल असं विमान, आठवड्यातले सातही दिवस, आणि ते सांताक्रूझला उतरणारं. १९६४ मध्ये दिल्लीला जाणाऱ्या मुंबईकराला कॅरावेलने जे दिलं होतं, तेवढंच मागणं आहे.